मशीन तुमचं, कुलूप त्यांचं: कन्सोल मॉडिंग आणि पायरसीवर वाचकांचे प्रश्न

या वेळी कन्सोल मॉडिंगवर, म्हणजे गेम खेळायच्या मशीनमध्ये कंपनीने न दिलेले बदल करण्यावर, इतकी पत्रं आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात ढकलले. मी वकील नाही, त्यामुळे कुणाला खरोखर नोटीस वगैरे आली असेल तर आधी वकिलाकडे जा. पण हा विषय मी बरीच वर्षं जवळून बघतोय आणि अर्धवट माहितीमुळे ज्यांनी काही विकलं नाही, कमावलं नाही अशी साधी पोरंच जास्त घाबरतात, आणि ज्यांनी खरंच घाबरायला हवं ते बिनधास्त असतात, हे बघवत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

प्रश्न: दादा, मी अकरावीत आहे. मोठ्या भावाने निन्टेन्डोचा सेकंडहँड स्विच कन्सोल घेतलाय, विकणारा म्हणाला मॉड केलेला आहे, सगळे गेम फुकट चालतील. भाऊ म्हणतो पैसे देऊन घेतलंय, आपलं मशीन, काय वाट्टेल ते करू. बाबा म्हणतात एक दिवस पोलीस येतील. कोण बरोबर?

अरे दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे, म्हणूनच तुमच्याकडचं भांडण मिटत नाहीये. मशीन तुमचंच आहे. ते उघडा, धूळ काढा, थर्मल पेस्ट बदला, घसरणारी स्टिक काढून हॉल सेन्सरवाली, म्हणजे चुंबकावर चालणारी, बसवा, वरची बॉडी बदला, यात कॉपीराइटचा काही संबंध येत नाही, फार तर वॉरंटीवरून वाद होईल. पण गेमचं तसं नसतं. तुम्ही विकत घेता ती एक प्रत आणि ती चालवायची परवानगी, गेमचे हक्क बनवणाऱ्याकडेच राहतात, आणि नक्कल केलेला गेम चालू नये म्हणून मशीनमध्ये जे डिजिटल कुलूप असतं त्याला बऱ्याच देशांच्या कायद्यात वेगळं संरक्षण आहे. म्हणजे चोरी वेगळी आणि कुलूप तोडणं वेगळं, दोन्हीची कलमं वेगळी.

अमेरिकेत १९९८ चा डीएमसीए, म्हणजे डिजिटल मिलेनियम कॉपीराइट अ‍ॅक्ट, हा कायदा आहे, त्याचं कलम १२०१ म्हणतं की कुलूप तोडणं हेच उल्लंघन, मग नंतर तुम्ही एकही चोरीचा गेम नाही चालवला तरी. आपल्याकडे कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं, आणि ते जरा वेगळं लिहिलंय, तिथे हक्कांचं उल्लंघन करण्याच्या हेतूने कुलूप तोडलं तर २ वर्षांपर्यंत कैद आणि दंड असं आहे. हा हेतू फार महत्त्वाचा. स्वतः लिहिलेला छोटा प्रोग्रॅम चालवायला कुणी मशीन मोकळं केलं आणि कुणी फुकट गेम भरायला केलं, तर अमेरिकेत दोघंही अडकू शकतात, आपल्या कायद्यात मात्र दोघांत फरक करायला जागा आहे. मला विचारशील तर आपला मजकूर जास्त न्याय्य आहे.

आता तुझ्या भावाचं. कुलूप त्याने तोडलेलं नाही, पण चोरीचे गेम माहीत असून चालवणं हे कलम ६३ब मध्ये येतं. ते कॉम्प्युटर प्रोग्रॅमबद्दल आहे आणि या कायद्यात कॉम्प्युटरची व्याख्या इतकी मोठी आहे की माहितीवर प्रक्रिया करणारं कुठलंही इलेक्ट्रॉनिक उपकरण त्यात बसतं, कन्सोलसुद्धा. शिक्षा ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत आणि दंड ५० हजार ते २ लाख, मात्र धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद न देता फक्त ५० हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं. बाबांना सांग की जगभर आजवर गाजलेल्या केसेस बघितल्या तर विकणारे आणि वाटणारेच पकडले गेलेत, घरात बसून खेळणाऱ्या पोराच्या दारात पोलीस सहसा येत नाहीत. आणि भावाला सांग की पोलीस येत नाहीत म्हणून ते कायदेशीर होत नाही. शक्य असेल तर ते मशीन परत करा, नसेल तर त्यातले गेम काढून टाका आणि एकेक करून विकत घ्या.

प्रश्न: मॉडचिप नेमकी करते काय? एवढीशी चिप अख्ख्या कंपनीची सुरक्षा कशी मोडते? मी इलेक्ट्रॉनिक्स शिकतोय, वरवरचं उत्तर नको.

हा प्रश्न वाचून खूप बरं वाटलं, कारण कायदा नीट समजायचा असेल तर हेच आधी कळायला लागतं.

पहिला प्लेस्टेशन घ्या, १९९४ चा. सोनीच्या कारखान्यात दाबलेल्या डिस्कवर सुरुवातीच्या भागात ट्रॅक किंचित नागमोडी असायचा, आणि त्या नागमोडीत चार अक्षरं लपवलेली असायची, जपानसाठी एससीईआय, अमेरिकेसाठी एससीईए, युरोपसाठी एससीईई. घरच्या सीडी रायटरने डिस्कवरचा डेटा बिट न् बिट उतरवता येतो पण ती नागमोडी उतरत नाही, जसं नोटेची झेरॉक्स काढली की छपाई येते पण वॉटरमार्क येत नाही. ड्राइव्हला ती अक्षरं मिळाली नाहीत की मशीन गेम सुरूच करत नाही. मॉडचिप म्हणजे एक स्वस्तातला छोटा मायक्रोकंट्रोलर, तो बरोबर त्या वेळी, त्या वायरवर, तीच अक्षरं स्वतःच पाठवत बसायचा. बस, एवढंच! आणि गंमत बघा, त्याच अक्षरांत देशही लिहिलेला असल्यामुळे चिप लावली की दुसऱ्या देशातून पैसे देऊन घेतलेली अस्सल डिस्कसुद्धा चालायला लागायची.

हाच मुद्दा ऑस्ट्रेलियात कोर्टात गेला. चिपा बसवून देणाऱ्या एका माणसाला सोनीने खेचलं, आणि २००५ मध्ये तिथल्या हायकोर्टाने, म्हणजे त्यांचं सर्वोच्च न्यायालय तेच, त्याच्या बाजूने निकाल दिला. कारण काय, तर ही अक्षरं डिस्कची नक्कल करणं थांबवतच नाहीत, नक्कल आधीच झालेली असते, ती फक्त चालू देत नाहीत, आणि तेव्हाच्या कायद्याच्या शब्दांत एवढं पुरत नव्हतं. अमेरिकेशी झालेल्या व्यापार करारामुळे त्यांना पुढच्याच वर्षी कायदा बदलावा लागला तो भाग वेगळा, पण मशीन आतून कसं चालतं यावर अख्खा निकाल फिरला.

नंतरची कुलपं गणिताची आली. प्रत्येक प्रोग्रॅमवर कंपनीची डिजिटल सही, ती जुळली तरच मशीन तो चालवणार. हे गणित समोरून तोडणं जवळपास अशक्य, म्हणून लोक कायम आजूबाजूची चूक शोधतात. २००२ मध्ये अँड्र्यू ह्वांग यांनी पहिल्या एक्सबॉक्समध्ये दोन चिपांमधल्या वायरवरून जाणारा डेटा पकडून गुप्त किल्ली काढली. प्लेस्टेशन ३ मध्ये तर चूक सोनीचीच होती, प्रत्येक सहीसाठी नवा रँडम आकडा घ्यावा लागतो आणि हे प्रत्येक वेळी एकच आकडा वापरत होते, मग दोन सह्या समोर ठेवून समीकरण सोडवलं की खाजगी किल्ली बाहेर येते. डिसेंबर २०१० मध्ये फेलओव्हरफ्लो नावाच्या ग्रुपने बर्लिनच्या परिषदेत हे उघडपणे मांडलं.

आणि स्विच. त्याच्या एनव्हिडिया टेग्रा चिपमध्ये मशीन चालू होताना सगळ्यात आधी जो कोड चालतो तो चिपमध्येच कायमचा कोरलेला असतो. त्यात यूएसबी रिकव्हरीच्या वेळी येणाऱ्या एका विनंतीची लांबी तपासायची राहून गेली, जास्त लांब विनंती पाठवली की ती मेमरीत भलतीकडे सांडते आणि मग आपला कोड चालवता येतो. एप्रिल २०१८ मध्ये हे जाहीर झालं. कोड कोरलेला असल्यामुळे कुठल्याही अपडेटने ते दुरुस्त होत नाही, निन्टेन्डोला पुढच्या मशीनमध्ये चिपच सुधारून घालावी लागली. म्हणून जुन्या स्विचला वापरलेल्या बाजारात अजून वेगळा भाव आहे. तुम्ही इलेक्ट्रॉनिक्स शिकताय तर या तिन्ही चुकांचे रिपोर्ट मिळवून वाचाच, वाचण्यात काही बेकायदेशीर नाही आणि कॉलेजच्या पुस्तकात इतकं जिवंत काही मिळणार नाही.

प्रश्न: माझ्याकडे अस्सल डिस्क आहे, मग इंटरनेटवरून तीच गेम उतरवली तर काय बिघडलं? आणि २४ तासांत डिलीट केलं तर चालतं असं सगळीकडे लिहिलेलं असतं ते खरं का?

२४ तासांचं अजिबात खरं नाही. असा नियम कुठल्याही देशाच्या कायद्यात नाही, रॉमच्या, म्हणजे गेमच्या नक्कल फाइल देणाऱ्या, साइट्सनी स्वतःला वाचवायला लिहिलेलं वाक्य आहे ते आणि पंचवीसेक वर्षं लोक एकमेकांना सांगतायत. त्या साइट्सचं काय झालं ते बघा, २०१८ मध्ये एका जोडप्याच्या रॉम साइट्सवर निन्टेन्डोने केस केली आणि शेवटी १ कोटी २० लाख डॉलरच्या निकालाला त्यांना मान्यता द्यावी लागली, २०२१ मध्ये दुसऱ्या एकावर २१ लाख डॉलर.

स्वतःच्या डिस्कची स्वतः कॉपी काढणं ही मात्र खरंच वेगळी गोष्ट आहे. आपल्या कायद्यात कलम ५२ मध्ये, प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे ज्याच्याकडे आहे त्याला हरवू नये, खराब होऊ नये म्हणून बॅकअप काढायची मुभा आहे. अमेरिकेतही प्रोग्रॅमची बॅकअप प्रत चालते, पण ती काढायला कुलूप तोडावं लागलं की १२०१ आडवं येतं, म्हणजे एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलं असा प्रकार झालाय तिथे. पण दुसऱ्या कुणीतरी चढवलेली फाइल उतरवणं हा तुमचा बॅकअप नाही, ती त्याने केलेली नक्कल आहे, घरात तुमच्याकडे डिस्क असली तरी.

प्रश्न: एमुलेटर वापरणं गुन्हा आहे का?

एमुलेटर म्हणजे एका कन्सोलचे गेम कॉम्प्युटरसारख्या दुसऱ्या मशीनवर चालवणारा प्रोग्रॅम, आणि तो बनवणं किंवा वापरणं हा स्वतःहून गुन्हा नाही. सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या केसमध्ये अमेरिकेच्या अपील कोर्टाने २००० सालीच सांगितलं की प्लेस्टेशनचा बायॉस, म्हणजे मशीन सुरू करणारा मूळ कोड, उलगडून बघून स्वतःचा एमुलेटर लिहिणं फेअर यूज, म्हणजे परवानगीशिवायही चालणारा रास्त वापर, आहे. मग युझू हा स्विचचा एमुलेटर कसा बुडाला? तर स्विचचे गेम एन्क्रिप्ट केलेले असतात, ते उघडायला कन्सोलमधल्या किल्ल्या लागतात, आणि निन्टेन्डोने नेमकं तेच धरलं. शिवाय मे २०२३ मध्ये झेल्डाचा नवा गेम बाजारात यायच्या आधीच लीक झाला आणि १० लाखांहून जास्त वेळा उतरवला गेला असं त्यांनी तक्रारीत लिहिलं. २६ फेब्रुवारी २०२४ ला केस दाखल, ४ मार्चला तडजोड, २४ लाख डॉलर आणि प्रोजेक्ट बंद. खटला चाललाच नाही, त्यामुळे आधुनिक एमुलेटरवर कोर्टाचं खरं मत काय हे अजून कुणालाच मिळालेलं नाही, आणि मला ते फार खटकतं, कारण पैसे नसलेला प्रोग्रॅमर बरोबर असला तरी खटला लढवू शकत नाही.

प्रश्न: मॉड केलेला कन्सोल ऑनलाइन नेला तर?

नेऊ नका. बंदी बहुतेक वेळा मशीनच्या ओळखपत्रावर लागते, नुसती तुमच्या नावावर नाही, त्यामुळे मशीन विकलं तरी बंदी त्याच्यासोबत जाते. नोव्हेंबर २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ड्राइव्हचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, बदललेले एक्सबॉक्स ३६० एका झटक्यात एक्सबॉक्स लाइव्ह या ऑनलाइन सेवेवरून उडवले. २०२५ च्या जूनमध्ये स्विच २ बाजारात आला आणि त्याच महिन्यात मिग नावाचं फ्लॅश कार्ट, म्हणजे गेमच्या फाइल भरता येणारी कार्ट्रिज, घातलेल्या मशीनवर ऑनलाइन बंदी यायला लागली, काहींनी तर त्यावर स्वतःच विकत घेतलेल्या गेमचे बॅकअप टाकले होते तरी. निन्टेन्डोने मे २०२५ मध्ये करारातच घातलंय की नियम मोडले तर मशीन पूर्ण किंवा काही अंशी कायमचं बंद पाडू शकतो. म्हणून वापरलेला कन्सोल घेताना पैसे देण्याआधी तिथेच वायफायला जोडून स्टोअर उघडतंय का बघा.

प्रश्न: मी कन्सोल दुरुस्तीचं काम करतो. दर आठवड्याला कुणीतरी येतं आणि म्हणतं मॉड करून द्या, हार्ड डिस्कमध्ये गेम भरून द्या. नाही म्हटलं तर गिऱ्हाईक जातं. बाकीचे करतात, मी का नको?

नको. या एका प्रश्नावर मी सगळ्यात स्पष्ट बोलणार आहे, कारण आजच्या सगळ्या पत्रांत खरा धोका तुम्हालाच आहे. घरात करणारा आणि पैसे घेऊन करणारा यांच्याकडे कायदा एकाच नजरेने बघत नाही. अमेरिकेत १२०१ चं उल्लंघन मुद्दाम आणि पैशासाठी केलं की ते फौजदारी होतं, पहिल्याच वेळी ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाख डॉलरपर्यंत दंड. जपानने २०१८ मध्ये कायदा बदलून मॉड करून देण्याची सेवा, इतकंच काय गेमचं सेव्ह बदलून देण्याची सेवा विकणंही गुन्हा केला, ५ वर्षं किंवा ५० लाख येन किंवा दोन्ही. आपल्याकडे कलम ६३ आहे, ६ महिने ते ३ वर्षं आणि ५० हजार ते २ लाख, आणि तुम्ही हार्ड डिस्कमध्ये गेम भरून पैसे घेतलेत तर 'धंद्यासाठी नव्हतं' ही पळवाट तुम्हाला उरतच नाही.

टीम एक्सिक्युटरची गोष्ट माहीत असू द्या. स्विचसाठी चिपा आणि त्यावरचं सॉफ्टवेअर विकणारी ही मंडळी. त्यातला गॅरी बाउझर हा कॅनडाचा माणूस काही मोठा हॅकर नव्हता, वेबसाइट आणि विक्रीची बाजू बघायचा. सप्टेंबर २०२० मध्ये त्याला डॉमिनिकन रिपब्लिकमधून उचललं, २०२१ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला, फेब्रुवारी २०२२ मध्ये ४० महिन्यांची शिक्षा झाली. त्याला या कामातून सात वर्षांत साधारण ३ लाख २० हजार डॉलर मिळाले होते. भरायचे किती? फौजदारी केसमध्ये ४५ लाख आणि दिवाणी केसमध्ये १ कोटी, मिळून १ कोटी ४५ लाख डॉलर. तुरुंगातून लवकर सुटला खरा पण हे कर्ज आयुष्यभराचं आहे. तो दोषी होताच, तरीही एका पगारी माणसावर इतका बोजा टाकणं मला माणुसकीला धरून वाटत नाही, आणि हे उघडपणे म्हणायला हवं. दुसरी केस अगदी तुमच्यासारख्याची, अमेरिकेत मॉड केलेले स्विच आणि फ्लॅश कार्ट ऑनलाइन विकणारा एक जण, निन्टेन्डोने सांगितल्यावरही थांबला नाही, वकील न घेता स्वतःच लढायला गेला, आणि २०२५ मध्ये २० लाख डॉलरवर तडजोड करावी लागली.

खऱ्या दुरुस्तीबद्दल मात्र बिलकुल घाबरू नका. स्टिक, पंखा, चार्जिंग पोर्ट, एचडीएमआय, थर्मल पेस्ट, मोठी एसएसडी, हे सगळं निर्धास्त करा. त्रास होतो तो डिस्क ड्राइव्हचा, कारण बऱ्याच कन्सोलमध्ये ड्राइव्ह आणि मदरबोर्डची जोडी किल्लीने बांधलेली असते, नुसता दुसरा ड्राइव्ह लावून चालत नाही. हा प्रश्न इतका खरा आहे की अमेरिकेने २०२१ मध्ये फक्त ड्राइव्ह दुरुस्तीपुरती १२०१ मधून सूट दिली, दुरुस्तीनंतर कुलूप पूर्ववत करायच्या अटीवर. त्यामुळे ड्राइव्ह बिघडला तर त्याचा मूळ बोर्ड जपून ठेवा आणि तोच नव्या यंत्रणेवर चढवा. गिऱ्हाईक गेम भरून मागायला लागलं की सांगा, नाही भरत. जाणाऱ्याला जाऊ द्या.

प्रश्न: माझ्याकडे लहानपणापासूनच्या कार्ट्रिज आणि डिस्क आहेत. अर्धे गेम आता कुठेच विकत मिळत नाहीत. कंपनी विकत नाही आणि कॉपीही करू देत नाही, मग हे गेम मरू द्यायचे का?

मरू द्यायचे नाहीत. या विषयात मला सगळ्यात जास्त राग याच गोष्टीचा येतो. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये अभ्यास केला, अमेरिकेत २०१० च्या आधी आलेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के तेव्हा बाजारात विकत मिळत नव्हते. २७ मार्च २०२३ ला निन्टेन्डोच्या ३डीएस आणि वी यू या जुन्या कन्सोलचं ऑनलाइन दुकान बंद झालं, तिथे फक्त डिजिटल आलेले कितीतरी गेम त्या दिवसापासून पैसे देऊनही घेता येत नाहीत. अमेरिकेत लायब्ररीवाल्यांनी मागणी केली की संशोधकांना जुने गेम घरून बघू द्या, तर ऑक्टोबर २०२४ मध्ये तेही नाकारलं गेलं. आणि कंपन्या स्वतः दिलेलंही काढून घेतात. प्लेस्टेशन ३ वर लिनक्स चालवायची सोय सोनीनेच दिली होती, अमेरिकी हवाई दलाने असे १,७६० कन्सोल जोडून कॉम्प्युटर उभा केला, पण सोनीने एप्रिल २०१० च्या अपडेटमध्ये ती सोयच काढून टाकली. जॉर्ज हॉट्झ या हॅकरने त्याच प्लेस्टेशन ३ ची किल्ली जाहीर केली म्हणून २०११ मध्ये त्याच्यावर केस झाली ती सगळ्यांना आठवते, पण आधी कुणी काय काढून घेतलं होतं ते फारसं कुणी सांगत नाही.

म्हणून मी चोरीच्या विरोधात आहे आणि तितक्याच ठामपणे जतनाच्या बाजूने आहे. युरोपच्या न्यायालयाने २०१४ मध्ये पीसी बॉक्स केसमध्ये बरं सांगितलंय, की कुलूप हे चोरी थांबवण्याच्या प्रमाणात हवं, त्यापलीकडचे कायदेशीर वापर उगाच अडवणारं नको. सगळीकडे असा विचार व्हायला हवा.

तुमच्या संग्रहाबद्दल सांगायचं तर जुन्या कार्ट्रिजची कॉपी स्वतःच काढा, त्यासाठी यूएसबीला जोडायचे रीडर मिळतात, कार्ट्रिज त्यात घालायची, कन्सोलला हात लावायचा नाही, आणि ती फाइल स्वतःपुरती ठेवा, कुठे चढवू नका. डिस्क सरळ उभ्या ठेवा, उन्हापासून आणि दमटपणापासून लांब. आणि हे आधी करा, ज्या कार्ट्रिजमध्ये सेव्ह ठेवायला आत बटण सेल आहे त्यातले सेव्ह आत्ताच रीडरने उतरवून घ्या, कारण सेल संपला किंवा बदलायला काढला की सेव्ह गेलं, आणि मग तो सेल डाग देऊन बसवलेला असतो तर टॅब असलेला नवा सेल आणून बदलून घ्या.